आमची वाटचाल : डेक बसवण्यापासून खरखर शोधण्यापर्यंत

आप्पांचं दुकान सांगलीच्या गणपती पेठेत, ट्रान्झिस्टर आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं. घरोघरी टीव्ही आले तसं ते काम आटलं आणि आम्ही मारुती 800 ला कॅसेट डेक बसवायला लागलो. पुढे सीडी आली, यूएसबी आलं, आता अँड्रॉइड स्क्रीन. मधे दुकान विश्रामबागला हलवलं. फिटिंगच्या धंद्यात याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. माल ऑनलाइन आमच्या खरेदीच्या भावात मिळू लागला आणि गिऱ्हाईक खोकं हातात घेऊनच दारात उभं राहू लागलं, "फक्त बसवून द्या." नुसत्या मजुरीवर दुकानभाडं सुटत नाही.

दुकान तगलं ते दुसरीकडे बसवलेल्या सिस्टिममधली खरखर, कुई शोधून घालवून देण्यावर.

मिरजेचे एक तंतुवाद्यांचे कारागीर आले होते. नवी सिस्टिम, डिकीत अँप (आवाज वाढवणारा अँप्लिफायर) आणि बेसचा मोठा स्पीकर, म्हणजे वूफर. म्हणाले, "गाडी सुरू झाली की षड्ज लागतो ओ, आणि अंकलीच्या पुढं हायवेला लागलो की पंचम." इतकं नेमकं वर्णन मी आजवर कुणाकडून ऐकलेलं नाही. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढणारी कुई म्हणजे अल्टरनेटरची, इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची. अँपची अर्थ वायर, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची निगेटिव्ह वायर, मागच्या सीटच्या बोल्टखाली दाबलेली, आणि बोल्टखाली गाडीचा रंग जसाच्या तसा, म्हणजे पत्र्याला धड भिडलेलीच नाही. इंजिन चालू ठेवून, गाणं मोठ्यानं लावून, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं अँपच्या निगेटिव्हला लावलं, तर जवळपास अर्धा व्होल्ट. तिथं शून्याच्या आसपास दिसायला हवं. पत्रा चकचकीत होईपर्यंत रंग खरवडला, दीड फुटाच्या आतली जाड वायर टोकाला नीट लग (धातूचं कडं) दाबून बसवली. कुई गेली. ते बराच वेळ अ‍ॅक्सिलेटर देत ऐकत बसले आणि मग म्हणाले, "डावा स्पीकर चिरकतोय." खरोखरच चिरकत होता. तोही बदलला.

अशा गाडीला बरेच जण आरसीए वायरमधे, म्हणजे डेककडून अँपला आवाज नेणाऱ्या वायरीत, कुई अडवणारी ग्राउंड लूप आयसोलेटरची डबी घालून मोकळे होतात. कुई दबते, पण डबी हलक्या प्रतीची असली की तिच्यातल्या ट्रान्सफॉर्मरपायी खालचा बेसही जातो, आणि ज्यानं वूफरसाठी पैसे मोजलेत त्याला ते चालत नाही. आम्ही डबी अगदी शेवटी काढतो.

गाडी आली की आधी फक्त ऐकायचं, हा आमच्याकडचा नियम. आवाज शून्यावर नेला तरी कुई राहते का? राहिली तर दोष डेकच्या पुढे, म्हणजे आरसीए किंवा अँपकडे. यूएसबीवर स्वच्छ आणि फक्त रेडिओवर खरखर? मग घाण अँटेनातून आत येतेय. अ‍ॅक्सिलेटरबरोबर टकटक वाढली तर स्पार्क प्लग आणि त्यांच्या वायरी बघायच्या. इंजिन बंद असतानाही एकसारखी सुरसुर असेल तर संशय चार्जर, डॅशकॅम किंवा एलईडी बल्बवर. शंभर रुपयांच्या चार्जरच्या आत वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत असते, आणि फिल्टरचे दोन पैसे वाचवलेले असतात.

हे शोधायला आप्पांचा छोटा ट्रान्झिस्टर अजून कामाला येतो. मीडियम वेव्हवर, स्टेशन नसलेल्या जागी लावायचा आणि डॅशबोर्डवरून फिरवायचा. दोषी वस्तूजवळ गेला की तो भरभरायला लागतो. एका गाडीत एफएम गायब होतं, तर डॅशकॅमची वायर पिलरमधून थेट अँटेनाच्या वायरीला खेटून नेलेली. ती दुसऱ्या बाजूनं नेली, दोन्ही टोकांना फेराइट (खरखर अडवणारं कडं) लावलं, स्टेशनं परत आली.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत गोष्ट वेगळी. तिथं अँटेनाच्या बुडाशी सिग्नल वाढवणारा बूस्टर असतो आणि त्याला 12 व्होल्ट अँटेनाच्याच वायरीतून कंपनीचा डेक देतो. बाहेरचा डेक देत नाही. मग शहरात रेडिओ लागतो आणि तासगावकडे निघालं की खरखर. लोक स्क्रीनला शिव्या देतात. लागतो तो फक्त वीज देणारा अँटेना अ‍ॅडाप्टर, त्याची वायर डेकच्या निळ्या वायरीला जोडायची.

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती म्हणजे सेटिंग. आकाशवाणी सांगली मीडियम वेव्हवर 1251 किलोहर्ट्झला आहे. आपल्याकडे मीडियम वेव्हची स्टेशनं 9 च्या पटीत असतात, अमेरिकेत 10 च्या. बाहेरच्या स्क्रीनमधे रेडिओचा प्रदेश अमेरिका राहिला असेल तर आकडा 1250 वरून थेट 1260 वर उडी मारतो आणि मधलं सांगली धड लागतच नाही. प्रदेश बदलला की झालं. याचे पैसे आम्ही घेत नाही, चहा चालतो.

2019 च्या पुरानंतरचं काम मात्र वेगळ्याच जातीचं होतं. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून रस्त्यावर आल्या, पण कार्पेटखालचे अर्थ पॉइंट हिरवे पडत गेले. तक्रार यायची रेडिओची, आणि सीट काढली की खाली गंज. तेव्हापासून डिकीतली प्रत्येक अर्थ जोडणी झाली की तिच्यावर ग्रीस लावतो.

तपासणीचे पैसे वेगळे लावायला सुरुवात केली तेव्हा आप्पांनाच ते पटलं नव्हतं. माल न विकता पैसे कसले घ्यायचे, असं त्यांचं म्हणणं. पण शोधण्यात अर्धा दिवस जातो आणि दुरुस्तीला दहा मिनिटं, तेव्हा पैसे शोधण्याचेच लावायला हवेत. आता डेक विकण्याहून यातच जास्त सुटतं.

इलेक्ट्रिक गाड्यांना अल्टरनेटर नाही, पण बॅटरीची वीज मोटरजोगी करणारा इन्व्हर्टर आहे, आणि त्याचा त्रास मीडियम वेव्हलाच जास्त होतो. काही कंपन्यांनी तर परदेशात अशा गाड्यांतून एएम, म्हणजे मीडियम वेव्हचा, रेडिओच काढून टाकला. आकाशवाणी ऐकणारं कुणी विचारायला आलं तर सांगतो : टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा 1251 लावून गाडी पळवून बघा, आणि मगच बुकिंगचे पैसे द्या.