वरून ये!

स्मरणिका समितीकडून फोन आला, "शाळेविषयी दोन पानं लिहून द्या." दोन पानांत शाळा मावायची नाही, आणि खरं सांगायचं तर सगळ्या शाळेविषयी लिहायची मला इच्छाही नाही. मुख्याध्यापकांची शिस्त, कबड्डीची ढाल, प्रयोगशाळेतला तो सांगाडा, यांवर बाकीचे लिहितीलच. मी बाईंवर लिहिणार आहे. कोणत्या बाई, हे आमच्या बॅचला सांगावं लागत नाही.

आमची १९८४ ची दहावी. बुधवारचा शेवटचा तास नीतिपाठाचा असे. त्या तासाला आम्हा ख्रिस्ती मुलांची रवानगी चित्रकलेच्या खोलीत व्हायची आणि तिथे बाई बायबल शिकवायच्या. एरवी त्या आमच्या मराठीच्या बाई. माझं स्पष्ट मत आहे की चित्रकलेच्या खोलीतही त्यांनी मराठीच शिकवलं. पेपरात 'संदर्भासह स्पष्टीकरण' हा प्रश्न यायचा, आठवतो ना? हे वाक्य कोण कोणास म्हणाले, केव्हा म्हणाले, का म्हणाले. बाईंनी पवित्र शास्त्राला तोच प्रश्न लावला. आमच्यापैकी कुणी उभा राहून एखादं वचन धडाधड म्हटलं की त्या पुस्तकाकडे बोट दाखवून म्हणायच्या, "छान. आता वरून ये." म्हणजे वचनाच्या वरच्या ओळींपासून वाचायला लाग. हे इतक्यांदा ऐकलं की मधल्या सुट्टीत कुणी बढाई मारली तरी आम्ही ओरडायचो, "वरून ये, वरून ये!"

आम्ही बहुतेक नगर जिल्ह्यातली. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर. वडील ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कुठल्या ना कुठल्या कारखान्यात, बिऱ्हाड किसननगरला नाहीतर कळव्याला. रविवारी उपासना, त्याआधी संडे स्कूल. संडे स्कूलमध्ये पाठांतराची चढाओढ असे आणि तिथे माझा हात कुणी धरत नसे. बायबलमधल्या एकशे एकोणिसाव्या स्तोत्राची १७६ वचनं आहेत. त्यातला मोठा भाग मी न अडखळता म्हणायचो. पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाठ थोपटायचे. बाईंनी मात्र ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा स्तोत्र लिहिणारा सुखात आहे की अडचणीत?" मी गप्प. मग त्यांनी वाचून दाखवलं: लोक त्याची निंदा करतायत, अधिकारी त्याच्याविरुद्ध बसून मसलत करतायत, आणि मी पीडित होण्यापूर्वी भ्रांत होतो असं तो स्वतःच म्हणतोय. शंभरेक वचनं तोंडपाठ होती आणि तो माणूस रडवेला आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

पण लिहायचंय ते पॅडबद्दल.

पूर्वपरीक्षेच्या आधीचा बुधवार. आम्ही सगळ्यांनी परीक्षेच्या पॅडवर मागच्या बाजूला यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन लिहून आणलेलं. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, ते पुढच्या चांगल्या दिवसांची आशा देणारे आहेत, ते वचन. ख्रिस्ती घरात एक तरी कॅलेंडर त्या वचनाचं असतंच. एका मुलीने तर त्याभोवती वेलबुट्टी काढून लाल स्केचपेनाने रंगवली होती. बाईंनी पॅड हातात घेतला, वेलबुट्टीचं कौतुक केलं आणि म्हणाल्या, "वरून ये. चौथ्यापासून."

ती वाचू लागली. हे तर पत्र निघालं! यरुशलेमेहून यिर्मयाने बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला पाठवलेलं, तिथे धरून नेलेल्या यहूदी लोकांना. घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलांची लग्नं करून द्या. ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणात तुमचं कल्याण आहे. आणि मग दहावं वचन: बाबेलची सत्तर वर्षं भरली की मी तुम्हाला परत आणीन.

मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, सत्तर वर्षं? आमचा निकाल जूनमध्ये आहे!"

बाई क्वचित हसायच्या. त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग चष्मा पुसून त्यांनी अठ्ठाविसावा अध्याय काढायला लावला. तिथे हनन्या नावाचा खोटा संदेष्टा आहे. तो लोकांना सांगतो, दोनच वर्षांत सगळं पूर्ववत होईल. बाई म्हणाल्या, "तुम्ही त्या गर्दीत असतात तर कुणाच्या मागे गेला असतात? खरं सांगा." कुणीही यिर्मयाचं नाव घेतलं नाही. मग त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी कुणाच्या घरी अजून 'आपल्याला गावी परत जायचंय' असं म्हणतात?" झाडून सगळे हात वर.

पॅडवरचं वचन पुसा असं त्या म्हणाल्या नाहीत. "राहू दे, पण त्याच्यावर 'सत्तर वर्षं' लिहा," एवढंच. आम्ही लिहिलं. परीक्षेला आलेल्या बाहेरच्या पर्यवेक्षकांनी ते 'सत्तर वर्षं' बराच वेळ उलटंसुलटं करून पाहिलं, कॉपीची खूण समजून.

घरी जाऊन मी हे वडिलांना सांगितलं. ते गावाकडच्या जमिनीचं बोलले, मग जेवले, मग झोपले. पुढच्या नाताळाला मात्र किसननगरच्या आमच्या खोलीला पहिल्यांदा ऑइलपेंट लागला. दोन्हींचा संबंध असेलच असं नाही.

बाईंचं स्वतःचं बायबल तुमच्यापैकी किती जणांनी जवळून पाहिलंय? काळं रेक्झिन, कडा लाल, कणा चिकटपट्टीने सांधलेला. समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्हं. जे कळलं नाही त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. पुढे कधी कळलं तर ते खोडायचं नाही, शेजारी तारीख घालायची. काही चिन्हांपुढे वीस वर्षांनंतरची तारीख होती. ईयोबाच्या पुस्तकात तर नुसती चिन्हंच चिन्हं, तारखा फार थोड्या. "बाई, तुम्हालाही कळत नाही?" असं मी विचारल्यावर म्हणाल्या, "कळत नाही ते कुठे आहे हे तरी मला कळतं."

पेन्सिलीवरून त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगायच्या, आणि राहुरीची मुलं म्हणून आम्हाला जरा जास्तच रंगवून सांगायच्या, कारण टिळक राहुरीला राहिलेले. आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. पुस्तक मनात भरलं नव्हतं, तरी सवयीप्रमाणे पेन्सिलीने खुणा करत त्यांनी वाचायला घेतलं. येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि पुस्तक खाली ठेववेना. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाईंचा जोर नेहमी मधल्या काळावर. वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरले, असं झालं नाही. माणूस वाचत राहिला, वाद घालत राहिला, घरचा विरोध सोसत राहिला.

आत्मिक वाढ म्हणजे काय, यावर आमच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, आजही गोंधळ आहे. जो मोठ्याने प्रार्थना करतो तो मोठा, ज्याला वचनं जास्त येतात तो त्याहून मोठा. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात पाचव्या अध्यायाच्या शेवटी दूध बाळांसाठी आणि जड अन्न प्रौढांसाठी असं बोलणं आहे, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिथे प्रौढ कुणाला म्हटलंय? सरावाने ज्यांना बरंवाईट ओळखता येतं त्यांना. सराव! बाईंनी आमच्याकडून तो करून घेतला.

एकदा त्यांनी नुसत्या तीन चिठ्ठ्या वाटल्या, स्पष्टीकरण शून्य. प्रेषितांची कृत्ये तेरावा अध्याय: योहान, ज्याला मार्क म्हणत, पंफुल्या प्रांतात प्रेषित पौलाला सोडून घरी परततो. पंधरावा अध्याय: पौल त्याला पुन्हा बरोबर घ्यायला तयार नाही, त्याचा सोबती बर्णबा घ्यायचंच म्हणतो, आणि दोघं कडाक्याचं भांडून वेगळे होतात. तिसरी चिठ्ठी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राची, चौथा अध्याय: मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. लिहिणारा पौल तुरुंगात, शेवटाजवळ आलेला. "वाढलं कोण?" बाईंनी विचारलं. आम्ही एकसुरात, "मार्क!" बाई काही न बोलता फळा पुसू लागल्या. तास संपला. पौल वाढला हे माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा मला दोन मुलं झालेली होती.

आता थोडं माझं. टेलिफोन खात्यात नोकरी झाली, २०२० च्या स्वेच्छानिवृत्तीत बाहेर पडलो. ऐरोलीत घर आहे. मंडळीत 'वडील', म्हणजे चर्चच्या कारभारातला ज्येष्ठ, म्हणून तिसरी खेप चालू आहे, शिबिरांना अभ्यास घ्यायला बोलावतात, आणि घरी दर शनिवारी शास्त्राभ्यास असतो. कंपन्यांतली तरुण मुलं घणसोली, कोपरखैरण्याहून येतात. हुशार आहेत, पण सकाळी उठल्याबरोबर फोनवर गुलाबाच्या फुलावर छापलेलं एक वचन येतं, ते दहा जणांना पाठवलं की त्यांचं बायबल झालं. त्यांना आवडणाऱ्या उपदेशकांत मला हनन्ये फार दिसतात. हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो. तरी येतात.

मध्यंतरी शाळेत आलो होतो. चित्रकलेच्या खोलीत आता संगणक आहेत, नीतिपाठाचा तास वेळापत्रकात दिसला नाही आणि मराठी माध्यमाची एकच तुकडी उरलीय. वाईट वाटलं. इमारतीला नवा रंग दिलाय, तो बरा आहे. डिजिटल फळ्यासाठी माझ्या ऐपतीप्रमाणे दिलं आहे, पावती मिळाली.

बाई निवृत्त होऊन नगरला गेल्या आणि तिथेच वारल्या. ते बायबल त्यांच्या भाचीकडे आहे. मी मागितलं होतं, तिने दिलं नाही, आणि मी तिच्या जागी असतो तर मीही दिलं नसतं. ईयोबाच्या पानांचे फोटो मात्र काढू दिले.

शनिवारी सध्या यिर्मया चालू आहे, पहिल्या अध्यायापासून. एकोणतिसाव्याला पोचायला वेळ आहे. बॅचमधलं कुणी ऐरोलीकडे राहत असेल तर जरूर या, सातला सुरू करतो. फोनवरचं बायबलही चालतं. बाईंना चाललं नसतं.