टॉवेलवरून परतणारा प्रकाश

आरशासमोर टाचण्या रोवून आपाती कोन आणि परावर्तन कोन सारखे भरतात, हे आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनीच करून पाहिले. अनियमित परावर्तनाचा धडा मात्र चटकन संपायचा. सोलापुरात टॉवेल रंगवणाऱ्यांचे सगळे काम त्याच धड्यावर चालते, म्हणून आजच्या विद्यार्थ्यांसाठी तेवढेच लिहितो.

टेरीच्या, म्हणजे फासे असलेल्या टॉवेलच्या कापडाच्या, फाशांत शिरलेला प्रकाश चहूकडे विखरून बाहेर पडतो. तो मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये आतून पांढराशुभ्र असा पोकळ गोल असतो. गोलातून नमुन्यावर सर्व बाजूंनी उजेड पडतो आणि परतलेला प्रकाश लंबापासून ८ अंशांवर टिपला जातो. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत दर १० नॅनोमीटरला एक, असे परावर्तनाचे ३१ आकडे मिळतात.

आधी पांढरी टाइल आणि काळा ट्रॅप (प्रकाश गिळून शून्य परावर्तन दाखवणारी पोकळ डबी) लावून यंत्र जुळवायचे. पांढरी टाइल सगळे जपतात, ट्रॅपमधली धूळ कोणी पाहत नाही. घात तिथेच होतो: धुळीवरून परतलेला प्रकाश यंत्र शून्य धरते आणि पुढचा प्रत्येक आकडा तेवढा कमी येतो. रंग किती चढला हे कुबेल्का-मुंक सूत्राने काढतात: १ मधून परावर्तन वजा करून वर्ग करायचा आणि त्याला परावर्तनाच्या दुपटीने भागायचे. फिक्या शेडचे परावर्तन ०.५० ऐवजी ०.४९ आले, तर उत्तर ०.२५ चे जेमतेम ०.२७ होते. गडद नेव्ही ब्लूमध्ये ०.०५ ऐवजी ०.०४ आले, तर ९.० चे थेट ११.५! चूक तेवढीच, पण रंगाचा हिशेब पाव हिश्शाहून जास्त ढळतो.

टॉवेलची चार पदरी घडी घालावी, नाहीतर मागचा रंग आकड्यात मिसळतो. दर वेळी नमुना ९० अंशांनी फिरवून चार वाचने घ्यावीत, कारण फासे एका बाजूला झुकलेले असतात. दाब नेहमी सारखा हवा. ओला नमुना मोजूच नये. धाग्यांमधल्या हवेच्या जागी पाणी आले की विखुरणे घटते आणि कापड गडद दिसते. २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेत नमुना मुरू द्यावा. सोलापूरच्या मे महिन्यात एवढा दमटपणा बंद खोलीत यंत्राने आणावा लागतो.

पांढऱ्या मालाची गोष्ट वेगळी. नीळ पिवळेपणा शोषते, म्हणजे एकूण परावर्तन घटते, तरी डोळ्याला कापड शुभ्र वाटते. टिनोपाल हे कापड उजळवणारे रसायन अतिनील किरण शोषून निळा प्रकाश सोडते, त्यामुळे ४४० नॅनोमीटरच्या आसपास आकडा १०० टक्क्यांच्याही वर जातो. यंत्र बिघडलेले नसते. दोन लॉटची तुलना करताना अतिनील फिल्टर दोन्ही वेळा एकाच जागी आहे ना, एवढे आधी पाहून घ्यावे.