मोटर काही केल्या फिरत नाही

लेक आठवीत. शाळेच्या प्रदर्शनासाठी दोन चाकांची गाडी करायची म्हणाली, म्हणून शनिवारी मंडईजवळ स्कूटर लावली आणि दोघी पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, शिरलो. आर्डुइनो उनो (प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा बोर्ड), पिवळ्या गिअरवाल्या दोन बीओ मोटर (बॅटरीवर चालणाऱ्या), नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि मूठभर वायरी घेऊन आलो. मी दिवसभर टॅलीत नोंदी करणारी बाई. विजेशी माझा संबंध फ्यूज बदलण्यापुरता.

पहिल्या दिवशी मोटरची एक वायर थेट आर्डुइनोच्या पिनेला लावली, दुसरी ग्राउंडला, म्हणजे मायनसला. मोटर ढिम्म. बोर्डावरचा दिवा मात्र प्रोग्रामप्रमाणे नीट लुकलुकत होता, म्हणून मोटरच खराब आली असं वाटलं. तीच मोटर दोन पेन्सिल सेलवर धरली तर फिरली. रात्री वाचल्यावर कळलं, की पिनेतून करंट साधारण 20 मिलिअँपच घ्यावा आणि या मोटरला नुसतं फिरायलाही शंभरच्या पुढे लागतो. पीन जळली नाही हे आमचं नशीब.

मग एल298एन ड्रायव्हर आणला, म्हणजे आर्डुइनोच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट मोटरला देणारा बोर्ड. त्याला चौकोनी बॅटरी जोडली, आर्डुइनो लॅपटॉपच्या यूएसबीवर ठेवला, पिनेवरून थेट जाणारी वायर काढून ड्रायव्हरच्या आयएन1 या इशारा घेणाऱ्या पिनेला दिली आणि मोटर ड्रायव्हरला जोडली. मोटर पुन्हा गप्प. सासऱ्यांचा जुना मल्टिमीटर काढून बॅटरी मोजली तर 9.1 व्होल्ट. नवी कोरी. सगळ्या वायरी सोडून परत लावल्या, दोनदा. सासरे म्हणाले, "सूनबाई, आता चहा घ्या."

सोमवारी ऑफिस सुटल्यावर सगळं डब्यात भरून परत गल्लीत गेले. दुकानदार काकांनी डबा उघडण्याआधीच विचारलं, "ताई, बॅटरी लोडवर मोजलीत का?" मी अर्थातच काही न जोडता नुसती मोजली होती. त्यांनी मोटर थेट बॅटरीला जोडली, गिअरचं चाक बोटानं दाबून धरलं आणि मीटरच्या काड्या टेकवल्या. आकडा 9 वरून घसरत माझ्या डोळ्यांदेखत 4 च्या आसपास आला. "ही बॅटरी मीटरमध्ये घालायची. मीटरला कितीसा करंट लागतो? मोटरनं ओढायला घेतला की ही बसते. त्यात तुमचा ड्रायव्हर दीड-दोन व्होल्ट स्वतःच खातो. मग मोटरला उरलं काय?"

पाटीवर नऊ लिहिलंय म्हणून नऊ मिळतातच, हे मी किती सहज गृहीत धरलं होतं! ताळेबंदात असं कधी चालवून घेतलं नसतं.

काकांनी परत चार्ज होणारे दोन 18650 लिथियम सेल, होल्डर आणि त्यांचा चार्जर दिला. सेल पूर्ण चार्ज असले की दोन मिळून 8.4 व्होल्ट. "प्लस-मायनस शॉर्ट करू नका, हे सेल भयंकर तापतात," असं त्यांनी दोनदा बजावलं.

घरी येऊन जोडलं. तरीही नाही! लेकीचा चेहरा रडवेला. ड्रायव्हरचा लाल दिवा पेटलेला, आर्डुइनोचाही पेटलेला, आणि मधे शुकशुकाट. शेवटी तीच म्हणाली, "आई, सेलची मायनस ड्रायव्हरला आहे, आर्डुइनोला कुठे आहे?" खरंच नव्हती. आर्डुइनो यूएसबीवर, ड्रायव्हर सेलवर, दोघांचं ग्राउंड वेगळं. पाच व्होल्ट म्हणायचे ते कशापासून मोजून, हेच त्यांचं आपसात ठरलेलं नव्हतं. ड्रायव्हरच्या जीएनडीपासून (म्हणजे ग्राउंडपासून) आर्डुइनोच्या जीएनडीला एक काळी वायर टाकली आणि चाक भर्रकन फिरलं. एवढ्याशा वायरीसाठी तीन दिवस!

दुसरी मोटर जोडली तर ती उलटी फिरत होती, गाडी जागच्या जागी गरगर. मी मीटर शोधेपर्यंत लेकीनं तिच्या दोन वायरी अदलाबदल केल्या होत्या. मग गाडी सरळ गेली ती थेट दिवाणाखाली. केरसुणीनं ओढून काढावी लागली.