दोन कॅमेरे गळ्यात नको, खांद्यावर

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या यात्रेत नाहीतर एखाद्या लग्नात नवीन फोटोग्राफर पोरं भेटतात आणि हटकून विचारतात, भाऊ, इतलं वझं घेऊन दिवसभर फिरता कसं?

सगळ्यात आधी, पाठीवरची बॅग ही सामान न्यायला असते, फोटो काढायला नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्यात घोडेबाजार भरलेला असतो, एखादा घोडा मागच्या पायांवर उभा राहतो आणि तेवढ्यात तुम्ही बॅगची चेन उघडत बसलात तर फोटो गेलाच, शिवाय गर्दीत ती बॅग मागच्या माणसाला लागते ते वेगळंच. मी दोन बॉडी (म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा) बाहेरच ठेवतो, एकीला जवळचं टिपणारी २४-७० एमएम लेन्स, दुसरीला लांबचं टिपणारी ७०-२००, आणि बाजारात असेपर्यंत लेन्स बदलतच नाही. घोड्यांच्या टापांनी इतकी धूळ उडते की लेन्स काढली की ती सरळ आतल्या सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या भागावर बसते, मग एफ ११ ला (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) काढलेल्या प्रत्येक फोटोत आभाळात काळे ठिपके. अगदीच बदलायची वेळ आली तर वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेरा बंद करून, त्याचं तोंड खाली धरून बदला.

आता वजन. एफ २.८ ची ७०-२०० बऱ्याचदा दीड किलोच्या आसपास जाते (मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या काही नव्या लेन्स हलक्या आहेत), त्यात दुसरी लेन्स आणि दोन बॉडी धरल्या की चार किलो आरामात होतात, हे गळ्यातल्या पट्ट्यावर टांगलं तर दुपारपर्यंत मान धरलीच म्हणून समजा. दोन्ही खांद्यांवर बसणारा डबल हार्नेस घ्या, कॅमेरे कमरेजवळ लोंबले पाहिजेत, आणि ७०-२०० च्या बाजूचा हूक बॉडीला नाही तर लेन्सच्या ट्रायपॉड कॉलरला, म्हणजे लेन्सभोवतीच्या कड्याला लावा, नाहीतर सगळा ताण माउंटवर, लेन्स बॉडीला जोडतात त्या जागी येतो. बॅटऱ्या, कार्डं, छोटी ५० एमएम कमरेच्या पट्ट्यातल्या पाउचमध्ये. लेन्सला कॅप नाही, हूड (लेन्सच्या तोंडावरचं उघडं कडं) लावायचा, धक्का तोच झेलतो.

काठी गावच्या होळीला मात्र मी हे सगळं नेत नाही. सातपुड्यात रात्रभर पायावर उभं राहायचं, ढोल, घुंगरू, मोरपिसांचे टोप घालून नाचणारे लोक हातभर अंतरावर, आणि होळी पेटते पहाटे. तिथे एक बॉडी, एफ १.८ ची ३५ एमएम, खिशात ५०, बस. लांबची लेन्स त्या गर्दीत नुसती अडचण, आणि माझं तर मत आहे की तिथे जवळ जाऊन, विचारून काढलेलाच फोटो चांगला येतो.

दोन कॅमेरे वापरत असाल तर निघायच्या आधी दोघांची घड्याळं मिनिट-सेकंदासकट जुळवा, नाहीतर घरी हजार फोटोंचा क्रम लावताना जीव जातो. दोन्ही बॉडींना एकाच प्रकारची बॅटरी चालेल असं बघून घेतलंत तर चार्जरही एकच पुरतो. आणि हार्नेस घेताना चामड्याच्या चकाकीवर जाऊ नका, शिलाई ओढून बघा, हुकासोबत वेगळी सेफ्टी दोरी आहे का ते बघा, नसेल तर दुसरा मागा.