एकेक डोळा ओके, दोन्ही मिळून गोंधळ

गेल्या महिन्यात क्लिनिकला सीएची आर्टिकलशिप करणारा एक पोरगा आला, चष्म्याला कंटाळून दुसरीकडून कॉन्टॅक्ट लेन्स करून घेतलेल्या. तक्रार काय तर "मॅडम, एक्सेलच्या ओळी एकमेकींवर चढतात, संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकतं, पण एक डोळा झाकला की सगळं क्लिअर." हे शेवटचं ऐकलं आणि माझे कान टवकारले. डोळा झाकून त्रास थांबतो म्हणजे गडबड बहुतेक दोन्ही डोळ्यांच्या जुळण्यात.

नंबर उजवा साधा मायनस २.७५, डावा मायनस ३ आणि वर सिलिंडर, म्हणजे तिरकस नंबर, १.७५. म्हणून उजवीकडे साधी लेन्स, डावीकडे टोरिक, म्हणजे सिलिंडरवाली, जी ठरलेल्या कोनातच बसावी लागते. टोरिक म्हटलं की पहिला संशय ती फिरल्याचा, कारण १० डिग्री जरी फिरली तरी सिलिंडरचा साधारण तिसरा हिस्सा तसाच उरतो. पण स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र) लेन्सवरची खूण बरोब्बर सहाच्या काट्यावर, पापण्या मिटून उघडल्या तरी जागची हलत नाही. दोन्ही डोळे वेगवेगळे ६/६, म्हणजे नजर पूर्ण. कागदावर सगळं उत्तम आणि पोरगा समोर डोकं धरून बसलेला! (आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आळीपाळीने डोळा झाकून तक्ता वाचून घेतात नि झालं, दोन्ही उघडे ठेवून कोणी विचारतच नाही.)

मग डाव्या डोळ्यासमोर मॅडॉक्स रॉड धरला (लाल काच, त्यातून लाईटची आडवी लाल रेघ दिसते; उजव्याला नुसता लाईट), टॉर्च लावला.
"लाल रेघ कुठाय?"
"लाईटच्या वर."
उजव्यासमोर १ चा बेस डाऊन प्रिझम, म्हणजे जाड बाजू खाली असलेली, चित्र वर सरकवणारी काच, धरला तर रेघ लाईटवर आली. लेन्स काढून चष्म्यावर बघितलं तर प्रिझम न धरताच लाईटमधून. म्हणजे काम लेन्सचंच. त्याची टोरिक प्रिझम बॅलास्टवाली, फिरू नये म्हणून खालची बाजू जाड ठेवतात आणि काही डिझाइनमध्ये तो प्रिझम मधल्या, बघायच्या भागातही येतो. दोन्ही डोळ्यांत तीच असती तर दोन्ही चित्रं सारखीच वर सरकली असती, कोणाला पत्ताही लागला नसता. इथे एकाच डोळ्यात. १ प्रिझम म्हणजे मीटरभर अंतरावर जेमतेम १ सेंटीमीटर, पण आडवा फरक डोळे बऱ्यापैकी सांभाळून घेतात, वर-खालचा फार थोडा.

त्याला वर-खाली पातळ कडा असलेली, पापण्यांनीच जागेवर राहणारी टोरिक ट्रायलला दिली, मध्ये प्रिझम नाही, आणि लॅपटॉप घेऊन बाहेर बसवलं. अर्ध्या तासाने आत आला तो खूश, ओळी जागेवर. लगेच पुढचा प्रश्न, "मॅडम, जुना बॉक्स परत घेतील का हो ते?"

म्हटलं, उघडलेला कोण घेतंय रे.