चंदूला सिनेमा लागत नाही

जपानहून आल्यावर जो तो क्योटोबद्दल विचारतो. क्योटो सुंदर आहे, गर्दी असह्य आहे. नाराची हरणं हातातला कागदसुद्धा सोडत नाहीत. हिरोशिमाच्या संग्रहालयातून बाहेर आल्यावर आई बराच वेळ कुणाशी बोलली नाही, आणि त्यावर मला लिहिता येईल असं वाटत नाही. मला लिहायचंय टोकियो डिस्नीसी या थीम पार्कबद्दल, कारण तिथे माझं आणि धाकट्या भावाचं जे वाजलं ते अजून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिटलेलं नाही.

भाऊ राहतो निशी-कासाईला. टोकियोच्या एदोगावा भागातली ही वस्ती म्हणजे आपल्या आयटीवाल्यांचा अड्डा. योगेंद्र पुराणिक २०१९ साली इथूनच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले होते. भाजीच्या दुकानात मागून कुणी "अगं, मेथी आलीय" म्हणालं तर दचकायचं नाही. जवळच्या कासाई स्टेशनवरून डिस्नीची थेट बस मिळते. वहिनीने पहाटे उठून थालीपिठं लावली होती. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, पण दाराबाहेर पिकनिकसाठी बाकं टाकलेली आहेत, तिथे बसून आम्ही ती संपवली. मोठ्यांचं तिकीट तेव्हा दिवस बघून ७,९०० पासून १०,९०० येनपर्यंत होतं. आईला आकडा सांगायचा नाही असं आधीच ठरलं होतं.

टोकियो डिस्नीलँड १९८३ चं, आणि त्याच्या शेजारीच हे डिस्नीसी, सप्टेंबर २००१ मध्ये उघडलेलं. दोन्हींची मालकी ओरिएंटल लँड या जपानी कंपनीची, डिस्नीला जाते ती रॉयल्टी. उरायासुचे कोळी जिथे शिंपल्या काढायचे त्या समुद्रात भराव घालून ही सगळी जमीन केलेली. भावाने हे सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे कोळ्यांचा गेलाच." आम्ही कुडाळचे, तेव्हा असल्या बातम्या आधी त्या बाजूने कानात शिरतात.

या पार्कात मधोमध राजवाडा नाही, ज्वालामुखी आहे. ५१ मीटर उंच, आणि दिवसातून अधूनमधून खरोखर आग ओकतो. त्याच्याभोवती बंदरं. एक इटलीचं, एक विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या न्यूयॉर्कचं, एक अरबस्तानाचं, एक मध्य अमेरिकेच्या जंगलातलं. ज्वालामुखीच्या पोटात कॅप्टन निमोचा तळ. ही ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांतली दुनिया, हे मला माहीत होतं. आईला नव्हतं, आणि तिचं काही अडलं नाही. तिने कठड्याच्या लोखंडी रिबिटावरून बोट फिरवलं. त्यावर गंज चढलेला दिसत होता, बोटाला मात्र काही लागलं नाही. सगळा गंज रंगाने काढलेला. खाली पाणी बुडबुडत होतं, वाफ येत होती, धक्क्याला निमोची पाणबुडी लागलेली. तिथे काम करणाऱ्या एका पोराने आईला सलाम ठोकून "मोबिलिस!" म्हटलं. त्या बेटावरचं हे अभिवादन, आणि दिवसभर ते तेच म्हणणार. आईने हात जोडले आणि मला म्हणाली, "कोणीतरी मोठो शास्त्रज्ञ रवता वाटता हय." बरोबर! एकही पाटी न वाचता, जपानीचा एक शब्द न कळता.

माझा सगळा मुद्दा एवढाच आहे, आणि भावाला तो पटत नाही. जागा नीट बांधली असेल तर ती स्वतःच गोष्ट सांगते.

हायटॉवर हॉटेलचंच बघा. फ्लोरिडाच्या डिस्नी पार्कातला टॉवर ऑफ टेरर, म्हणजे लिफ्टमधून धाडकन खाली पडायची सफर, एका जुन्या टीव्ही मालिकेवर बेतलेला आहे. जपानी प्रेक्षकांना ती मालिका कुठली माहीत असायला! म्हणून २००६ मध्ये इथला टॉवर उभारताना नवीच कथा रचली. हॅरिसन हायटॉवर नावाचा गडगंज माणूस जगभरातून मूर्ती लुटून आणतो. काँगोतून आणलेली शिरिकी उतुंडू नावाची मूर्ती १८९९ च्या शेवटच्या रात्री त्याला लिफ्टसकट गायब करते. आता १९१२ साल आहे आणि बंद हॉटेल लोकांना दाखवायला खुलं केलंय, असं समजून आपण आत शिरतो. त्याच्या अभ्यासिकेत काचेच्या रंगीत खिडकीत हायटॉवरसाहेब ऐटीत उभे. ग्रामोफोनवर त्यांचा आवाज चालू असताना समोरच्या ठोकळेबाज मूर्तीचे डोळे हिरवे होतात, खिडकीतला साहेब तडकतो आणि मूर्ती खिदळते. मग ती आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी होते. कशी, ते मला अजून कळलेलं नाही, आणि कुणी सांगूही नका. आईचे गुडघे आणि बीपी बघता ती आत आली नाही. बाहेर येऊन गोष्ट सांगितली तर म्हणाली, "बरां झालां त्याचां." परदेशी संग्रहालयात आपल्या मूर्ती बघून आलेल्या कुणाही माणसाचं हेच मत पडेल.

कॅलिफोर्नियातल्या टॉवरचं २०१७ मध्ये काय झालं माहितीये? हॉटेल काढून तिथे गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी या सिनेमातली मंडळी बसवली. बाहेरून पाइप आणि तारा, आत सुपरहिरो. इमारत तीच, लिफ्ट तीच. मी ते पाहिलंय फक्त फोटोंत, पण राग यायला तेवढं पुरतं.

आता सिंदबाद.

अरबस्तानच्या बंदरात एका कोपऱ्यात ही बोटीची सफर आहे. पार्कात इतरत्र पैसे भरून रांग टाळायची सोय आहे, इथे ती नाही, कारण टाळायला रांगच नाही. आम्ही सरळ चालत जाऊन बोटीत बसलो. खरं तर आईचे पाय दुखत होते आणि आत गार होतं, म्हणून गेलो. बोट हळूहळू अंधारात शिरली आणि दोन्ही काठांवर बाहुल्यांचं अख्खं शहर जागं झालं. सिंदबाद निरोप घेतोय आणि त्याच्या पायाशी वाघाचं पिल्लू. भाची म्हणाली, "आजी, त्याचं नाव चंदू."

"काय?"

"चंदू!"

खरंच त्याचं नाव चंदू आहे. जपानमध्ये, अमेरिकन कंपनीच्या नावाखाली, अरबी गोष्टीत, वाघ, आणि नाव चंदू. आमच्या शेजारचे चंदूकाका डोळ्यांसमोर आले आणि आई बोटीत इतकी हसली की पुढच्या बाकावरच्या दोन जपानी मुलीही वळून हसायला लागल्या.

पण पुढे ती हसायची थांबली, कारण गुंतली. प्रचंड रुख पक्षी, त्याचं पिल्लू पळवायला आलेले चोर, मध्ये पडणारा सिंदबाद. मग पिंजऱ्यात कोंडलेला एक राक्षस. इतका मोठा, की बोट त्याच्या तोंडाजवळून जाताना आईने माझा दंड पकडला. त्याचे डोळे फिरतात, आणि ते डोळे दुष्ट नाहीत, बिचारे आहेत. सिंदबाद त्याला सोडवतो. मग माकडांचं बेट, आणि तिथे सपकन नाकात पिकल्या केळ्यांचा वास. खरा वास! आई म्हणाली, "केळी पिकली आसत खंयतरी." मग देवमासा, मग परतीचं बंदर, घरचे लोक वाट बघतायत. सगळ्या सफरीभर एकच गाणं, प्रसंगाप्रमाणे कधी भरून येणारं, कधी उसळणारं. ते संगीतकार ॲलन मेंकेनचं आहे आणि शब्द जपानी. उतरताना आई ते गुणगुणत होती. तिला आशयही लागला होता: "मनात येता थंय जावा, असांच म्हणता ना तो?" भावाने मान डोलावली. मनाच्या होकायंत्रामागे जा, असंच आहे ते.

ही सफर २००१ मध्ये सुरू झाली तेव्हा अशी नव्हती. सिंदबादला दाढी होती, राक्षस भीतिदायक होता, गाणं नव्हतं, चंदू तर नव्हताच. २००७ मध्ये सगळी बदलली. म्हणजे बदलाला माझा विरोध नाही. नवीन पार्कात जाऊन "पूर्वीचं ते खरं" म्हणणाऱ्यांतली मी नाही.

आम्ही दुसऱ्यांदाही बसलो. आई म्हणाली म्हणून.

नंतर फॅंटसी स्प्रिंग्ज. जून २०२४ मध्ये उघडलेला नवा भाग, खर्च सुमारे ३२० अब्ज येन. मूळचं सगळं पार्क साधारण तेवढ्यातच उभं राहिलं होतं. झऱ्याचं पाणी जादूच्या जगात घेऊन जातं एवढ्या एका धाग्यावर तीन सिनेमे ओवलेत: फ्रोझन, रपुन्झेल आणि पीटर पॅन. कारागिरीला नाव ठेवायला जागा नाही. डोंगर, गाव, झाडं, सगळं बघत राहावं असं. फ्रोझनच्या बोटीतल्या बाहुल्यांचे चेहरे तर इतके जिवंत की थोडी धास्तीच वाटते. भाची पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत प्रत्येक गाणं मोठ्याने म्हणत होती आणि मधूनच माझ्याकडे वळून "आत्या, आता बघ, आता बघ" करत होती. तिच्या आनंदाला तोड नव्हती.

आई मात्र माझ्या डाव्या कानात. "ही कोण गो?" एल्सा. "ती रागान डोंगरार कित्याक गेली?" अगं, तिच्या हातातून बर्फ येतं. "मग ती दुसरी?" बहीण. "मग दोघींचां भांडाण कित्याक?" सांगेपर्यंत बोट पुढे गेलेली, आणखी एक गाणं संपलेलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "छान होतां, पण माका काय कळला नाय." रपुन्झेलच्या बोटीत तिने काही विचारलं नाही. शेवटी अंधारात शेकडो आकाशकंदील तरंगतात, त्याला काय समजावून सांगायचं?

भांडण झालं ते कास्बा नावाच्या फूड कोर्टात, करी आणि नान खाताना. (करी वेगळी सांगायला नको होती. त्या बंदरात पॉपकॉर्नसुद्धा करीच्या चवीचं मिळतं, आणि ते चांगलं लागतं.) मी म्हणाले, सिंदबाद आईला कळला आणि फ्रोझन कळलं नाही, याचा अर्थ तिथे जागेऐवजी ब्रँडवर भिस्त आहे. घरून गोष्ट शिकून आलात तर मजा, नाहीतर तुमचं तुम्ही बघा.

भाऊ शांतपणे म्हणाला, "ताई, आपल्या जत्रेतल्या दशावतारात कोण ओळख करून देतं? संकासुर आला की पोरं आधीच ओरडतात. तुला ते चालतं. तुझ्या भाचीला एल्सा म्हणजे तेच आहे."

मला पटकन उत्तर सुचलं नाही, आणि माझ्या भावापुढे असं होणं फार वाईट. मग तो सुटलाच. लोक इथे एकदा येत नाहीत, वर्षातून अनेकदा येतात, त्यांना नवं काहीतरी द्यावं लागतं. सिंदबादला रांग नाही हे तुला गोड वाटतं, हिशेब बघणाऱ्याला नाही. वगैरे. वहिनी भाचीचं तोंड पुसत म्हणाली, "जेवा आधी."

उत्तर मला सुचलं ते न्यूयॉर्कच्या बंदरातल्या दुकानापाशी. समोरून येणाऱ्या दर तिसऱ्या बाईच्या कडेवर एक अस्वल होतं. हो, मोठ्या बायकांच्या. त्याला स्वेटर, टोपी, पिशवी, कधी चष्मा. हा डफी. याचा एकही मोठा सिनेमा नाही. मिकी लांबच्या सफरीवर निघाला, तेव्हा त्याला एकटं वाटू नये म्हणून मिनीने शिवून दिलेलं अस्वल, एवढीच त्याची कथा, आणि ती याच पार्कच्या बंदराला शोभेल अशी. त्या अस्वलाने इथे इतका धंदा केला की मागोमाग त्याची मैत्रीण शेलीमे आली, जेलाटोनी मांजर आलं, सशीण आली, मोठं गोत झालं. म्हणजे पैसा मिळवायचा तर आधी हिट सिनेमा हवाच हे कुणी सांगितलं? मी हे भावाला म्हटलं. "डफी म्हणजे शुद्ध दुकान आहे, ताई." असेल! पण इथलं दुकान आहे. अस्वल मूळचं अमेरिकेतलं असेल, पण डफी हे नाव आणि ही गोष्ट त्याला इथेच मिळाली. आणि संकासुराचं म्हणशील तर तो कुणाच्या मालकीचा नाही, उद्या शेजारच्या गावाने त्याला नाचवला तर रॉयल्टी द्यावी लागत नाही. सिंदबादही तसाच.

तेवढ्यात आम्ही पोर्ट डिस्कव्हरीला पोहोचलो. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांनी कल्पना केलेलं भविष्य, असं हे बंदर. इथे भावाचाच सूर बदलला. इथल्या एका इमारतीत २०१६ पर्यंत स्टॉर्मरायडर नावाची सफर होती. हवामान काबूत ठेवणाऱ्या शास्त्रज्ञांच्या विमानात बसून वादळात शिरायचं. वादळ शमवायला सोडलेलं यंत्र नेमकं आपल्याच विमानावर येऊन आदळतं, छत फोडून आत घुसतं, धूर, पाण्याचे शिंतोडे. भाऊ जपानला नवा होता तेव्हा त्यात बसलेला, आणि रस्त्यात उभा राहून हातवारे करून सांगत होता. २०१७ पासून तिथे 'फाइंडिंग निमो' सिनेमातला निमो मासा आहे. "माशाच्या आकाराच्या पाणबुडीत बसवतात. ठीक आहे, पोरांना आवडतं," म्हणाला आणि गप्प झाला.

"मग मघाशी धंद्याची बाजू कोण घेत होतं?"

"ते वेगळं," तो म्हणाला.

निघताना आईला चंदू हवा झाला. पुन्हा अरबस्तान गाठलं. आम्ही फोनवर भाषांतर शोधेपर्यंत ती काउंटरवरच्या मुलीला सरळ मालवणीत म्हणाली, "चंदू आसा काय?" मुलीने एकच शब्द उचलला आणि फडताळाकडे घेऊन गेली. भावाने बिल दिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "विकला ना शेवटी सिंदबादनेही?" विकलाच. २००७ मध्ये वाघाचं गोड पिल्लू बोटीत चढवताना हा विचार झाला नसेल असं मानण्याइतकी मी भोळी नाही.

चंदू आता कुडाळला टीव्हीशेजारी असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई सगळी सफर सांगते, केळ्यांच्या वासासकट. राक्षस हल्ली तिच्या तोंडी आणखी मोठा झालाय. एल्साचं नाव तिला अजून येत नाही. "ती बर्फवाली" म्हणते, आणि भाची व्हिडिओ कॉलवर दर वेळी तिला दुरुस्त करते.