संप न करता बंद पडलेलं टर्मिनल

न्हावा-शेव्याच्या बंदरात मी टॅली क्लार्क होतो, म्हणजे चढत्या-उतरत्या कंटेनरची, आमच्या भाषेत डब्यांची, नोंद ठेवायचो. पोर्टच्या स्वतःच्या टर्मिनलवर कायम नोकरी, शिवाय युनियनचं काम. जून 2017 अखेर, ऐन पावसात, शेजारचं खाजगी टर्मिनल एकाएकी ठप्प झालं. नोटीस नाही, गेटसभा नाही, घोषणा नाहीत. युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून 27 तारखेला सुटलेला व्हायरस त्यांच्या मालक कंपनीच्या जगभरातल्या संगणकांत घुसला होता. यार्डात कुठला डबा कुठल्या रांगेत, कितव्या थरावर, हे संगणकालाच ठाऊक. तो बसला तशा क्रेनही थांबल्या. बाहेर ट्रेलरची रांग लागली, ड्रायव्हर फॉर्म 13, म्हणजे डबा गेटातून आत न्यायचा कागद, खिशात घालून केबिनमध्येच भात शिजवत बसलेले.

आमच्यातल्या काहींना आधी मजाच वाटली. एक जहाज अडवायचं तर नोटिसा, दिल्लीच्या वाऱ्या, वाटाघाटी. आणि इथं झेंडाही न लावता सगळं बंद!

संध्याकाळी गावातला एक पोरगा युनियनच्या ऑफिसात आला. त्या बंद पडलेल्या टर्मिनलवर ठेकेदाराकडे लॅशिंगला होता. जहाजावर चढून लोखंडी दांडे आणि टर्नबकलनं, म्हणजे ताण द्यायच्या स्क्रूनं, डबे जखडायचे, नाहीतर सोडवायचे. जमीन त्याच्या आज्याचीही पोर्टात गेलेली आणि आमचीही. कायम नोकरी मात्र आमच्या पिढीपर्यंतच पोचली.

"दादा, गेटवरूनच परत लावतात. खाडा धरतील का?"

ले-ऑफ दिला, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं, तर कायद्यानं निम्मा पगार मिळतो, पण वर्षभराची सलग सेवा मस्टरवर दिसायला लागते. त्याचा ठेकेदार मध्येच कंपनीचं नाव बदलायचा. काम तेच, मस्टर नवं. बरं, मागणीपत्र काढायचं कुणाच्या नावानं? ठेकेदार पनवेलचा, टर्मिनलवाले म्हणणार हा आमचा कामगारच नाही, आणि खरे मालक युरोपात. आमच्या लेटरहेडवर यातला एकही पत्ता कधी आला नव्हता.

तरी ठेकेदाराला फोन लावला. "साहेब, जहाजच लागलं नाही तर माझं तरी बिल कोण काढणार?" म्हणाला. खाडा धरलाच त्यानं. आम्ही चहापाण्याच्या फंडातून पोरांना थोडे पैसे दिले. युनियनचं काम हे नव्हे, हे मलाही कळत होतं.

पुढं 2022 मध्ये आमचं टर्मिनलही 30 वर्षांच्या करारानं खाजगी कंपनीकडे गेलं. तेव्हाच्या बैठकांत ठेका कामगारांना सभासद करून घ्यायचा विषय मी काढला. "आधी आपलं बघू," असं उत्तर मिळालं.